गिअरमध्ये लावलेली गाडी

— नाही, त्या डब्यावर नका बसू गोपाळकाका, त्यात जुनं गिअर-ऑइल आहे, पँट जाईल. तो पाट घ्या. आणि ‘भंगारात देऊन टाक’ हे तुम्ही आल्यापासून तिसऱ्यांदा म्हणालात. का? तुम्हाला काय करतेय ही गाडी? सोसायटीवाल्यांचं मला समजतं — गल्ली अडते, लग्नाचा मंडप घालता येत नाही. भावाचंही समजतं, त्याला इथं मोटरसायकल लावायचीय. पण तुम्ही? गुडघे दुखत असताना दोन रिक्षा बदलून सुरतेच्या या टोकाला, पांडेसऱ्यात येता आणि म्हणता, सुषमा, मी माझ्या माणसांकडून उचलून नेतो, तू त्रास घेऊ नको. आबांच्या तेराव्यालाही हेच म्हणाला होतात. तेव्हा मला वाटलं, माणूस मायेनं बोलतोय. एवढी वर्षं एका मिलमध्ये काढली दोघांनी, तुम्ही फिटर, ते ड्रायव्हर — वाटणारच ना तसं?

ऐका जरा. आलात तर ऐकूनच जा. तुम्हाला यातलं कळतं, दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. मी काही शोधायला बसले नव्हते, खरं सांगते. विकायचीच होती, पण चालू करून विकावी म्हणून हात घातला. दर रविवारी. टाकीतलं डिझेल कुजून काकवीसारखं झालेलं. टाकी उतरवली, धुतली, फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली — पंप मारून मारून अंगठा सुजला. दोन इंजेक्टर गळत होते, ते दुकानात नेऊन तपासून आणले. अकरा वर्षं स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभी आहे मी काका, गिऱ्हाईक नुसता तोंडानं आवाज काढून दाखवतं आणि मी पार्ट काढून देते. चौथ्या रविवारी चालू झाली. आधी काळा धूर, मग पांढरा, मग साफ. आई बाहेर आली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. आणि मी मूर्ख, मला एवढा आनंद झाला की तशीच पहिल्या गिअरमध्ये टाकून गेटच्या ढाळावर चढवायला घेतली. अर्ध्यावर गेले आणि — टक्. बारीक आवाज. इंजिन नुसतं घोंघावतंय आणि गाडी मागे. ब्रेक दाबला म्हणून बरं, मागे दूधवाला होता. मला वाटलं क्लच-प्लेट गेली. क्लच बघितला, ठणठणीत. परत चढवली, परत तिथंच, परत टक्. मग खाली पाहिलं. मोठा गिअर जिथं टाकला होता तिथंच, पहिल्यात. आणि त्याच्या शेजारची ती छोटी दांडी, चारही चाकं जोडायची — ती सरकून मधे आलेली. ती मधे आली की काय होतं? तुम्हालाच विचारते. इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो. वर गिअर कुठलाही असू दे. गाडी गिअरमध्ये, आणि चाकं मोकळी.

घाम पुसा. पाणी पाहिजे तर माठ तिकडे आहे, माझे हात तेलाचे आहेत.

तिथंच बसून राहिले मी, स्टिअरिंग धरून. मागे हॉर्न वाजतायत, कोणी गुजरातीतून शिव्या देतोय, मला ऐकूच येत नव्हतं. — तुम्हाला सगळं पाठ असेल, तुम्ही तिथं होतात, तरी एकदा मला माझ्या तोंडानं म्हणू द्या. पलसाण्याच्या मिलचं मागचं कोळशाचं यार्ड. पावसात गुडघाभर चिखल, म्हणून शेठनं लष्कराच्या लिलावातून ही चारही चाकांनी ओढणारी गाडी आणलेली. हँडब्रेकची केबल तुटून चार महिने झालेले, आबांनी तीनदा सांगितलेलं. त्या दिवशी त्यांनी उतारावर गाडी लावली, पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद केली, चाकाखाली वीट दिली आणि ऑफिसात गेले. पोपटकाका मागे उभे राहून गोण्या उतरवत होते. गोण्या ओढताना गाडी हलली, वीट पिचली, गाडी मागे आली ती थेट भिंतीपर्यंत. मधे पोपटकाकांचा पाय. गुडघ्याखाली काढावा लागला. आणि चौकशीत काय निघालं? ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. आबा एकच वाक्य म्हणत राहिले — चौकशीच्या साहेबासमोर, शेठसमोर, पोलिसासमोर, घरी जेवताना घास हातात धरून: ‘मी गाडी गेरमा लाई व्हती.’ मी गाडी गिअरमध्ये लावली होती. बस. ना रडले, ना हातापाया पडले. नोकरी गेली. दुसरीकडे कोण ठेवणार? ज्यानं माणसाचा पाय घेतला तो ड्रायव्हर. मग साडीचे बॉक्स घडी करत बसले घरात, आणि आई रात्रंदिवस साड्यांवर टिकल्या चिकटवत.

तीन वर्षांनी मिलनं गाडी काढली, तेव्हा भंगारवाल्याकडून ती दोरखंडानं ओढत इथं आणली त्यांनी. आईनं कानातले काढून दिले, कशाला म्हणून विचारलं नाही. सगळी गल्ली हसली. आबांचं नाव घेऊन म्हणाली, निंबाला वेड लागलं. लागू दे ना वेड, तुमचं काय जातं? तीनदा गिअरबॉक्स खोलला त्यांनी. गिअर आपोआप सुटतो का, कुठला दात झिजलाय का — सगळं साफ, सगळं बरोबर. छोट्या दांडीकडे संशयानं पाहिलंच नाही, कारण त्या दिवशी त्यांनी तिला हातच लावला नव्हता. आणि मग एक दिवस सोडून दिलं.

मी नाही सोडलं. मागच्या रविवारी गेटच्या ढाळावर गाडी उभी केली, मागे चार हातांवर दगड रचले, पहिल्या गिअरमध्ये टाकून इंजिन बंद केलं आणि मागच्या हौद्यात चढून नाचले. हो, नाचले, बत्तीस वर्षांची बाई, लोक गच्चीतून बघत होते. सातव्या की आठव्या उडीला — टक्. आणि गाडी निघाली. आबांची गाडी, गिअरमध्ये लावलेली, निघाली मागे. दगडांवर जाऊन थांबली आणि मी फाळक्यावर आपटले. हे बघा कोपर.

मग दांडीच्या बाजूचा बोल्ट काढला. त्याच्यामागं स्प्रिंग असते, स्प्रिंगपुढं पोलादी गोळी, गोळी खाचेत बसते म्हणून दांडी जागा सोडत नाही. ही ती स्प्रिंग. घ्या हातात. घ्या म्हणते ना. आणि ही नवी, आमच्या दुकानातली. शेजारी धरा. बोटाच्या पेराएवढी कमी आहे. ग्राइंडरवर कापलेली, टोक जळून निळं पडलंय. गाडीची नाहीच ती, कुठल्या तरी व्हॉल्व्हची आहे. आणि बोल्टाभोवती हे काय गुंडाळलंय? वाफेच्या व्हॉल्व्हला लावतात ती दोरी. गाडीचा मेकॅनिक जन्मात ही दोरी वापरत नाही, बॉयलरवरचा माणूस वापरतो. आणि त्या मिलमध्ये बॉयलर आणि गाडी दोन्ही बघणारा माणूस एकच होता.

बसा. अजून झालं नाही माझं.

जुगाड केलंत त्याचं मी काही म्हणत नाही. शेठ पार्ट आणू देत नव्हता, गाडी आजच पाहिजे म्हणून डोक्यावर बसला असेल, कापली एक स्प्रिंग, ठोकली आत. सगळी सुरत जुगाडावर चालते. पण त्यानंतरचं? गाडी भिंतीला लागली, सगळे पोपटकाकांकडे धावले आणि केबिनमध्ये पहिला चढलात तुम्ही. गाडी पुढे घेतलीत, पाय सोडवलात. गोपाळ नसता तर माणूस गेला असता, असं सगळी मिल म्हणत होती. आम्हीही म्हणत होतो. मी आठ दिवस तेच ऐकतेय डोक्यात — गाडी पुढे घेतली, गाडी पुढे घेतली. अहो, पण छोटी दांडी मधे असताना गाडी पुढे येईल कशी? येणारच नाही. तुम्ही ती आधी ढकलून जागेवर बसवलीत, तेव्हा ती आली. म्हणजे तुम्ही पाहिलंत. मोठा गिअर पहिल्यात होता, तेही पाहिलंत. त्याच मिनिटाला तुम्हाला कळलं होतं की निंबा खरं बोलणार आहे. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही साहेबाला सांगितलंत, गिअर न्यूट्रलमध्ये होता.

काय? मोठ्यानं बोला. — पोरं लहान होती. हो, होती. मीही लहानच होते. सोळा वर्षांची. तो चौकशीवाला आमच्या घरी आला होता, हे माहीत आहे तुम्हाला? आई कामाला गेलेली. ओटल्यावर बसला, इतका गोड बोलला — बेटा, पापा कभी पीते हैं क्या? आणि मी म्हटलं, कभी कभी. का म्हटलं? एकदा होळीला गावी प्यायले होते ते, तेवढंच पाहिलं होतं मी. मला वाटलं, सगळं खरं खरं सांगितलं की सोडून देतील. आबा आत मोरीत हात धूत होते. नळ बंद झाल्याचं ऐकू आलं मला. नंतर कधी एका शब्दानं विचारलं नाही त्यांनी. साहेबानं कागदावर लिहिलं, मुलगी सांगते, पितो. तुमचं न्यूट्रल आणि माझं कभी कभी, दोन ओळी शेजारी शेजारी —

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. पण आता निघालंच तोंडातून तर सगळंच ऐका. ते एक दिवस सोडून दिलं म्हटलं ना मी मघाशी — असंच नाही सोडलं. गिअरबॉक्स तिसऱ्यांदा खोलला होता, मला म्हणाले बॅटरी धर. धरली. आणि म्हटलं, ‘आबा, सोडा ना आता. चूक होते माणसाच्या हातून.’ त्यांनी पाना खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि ‘हो’ म्हणाले. एवढंच. पेटी बंद केली, एकेक बोल्ट नीट आवळला आणि त्यानंतर मरेपर्यंत या गाडीला हात लावला नाही. ते वाक्यही परत कधी म्हणाले नाहीत. बाहेरचे बारा वर्षं थुंकले तरी जो माणूस वाकला नाही, तो माझ्या एका — असू दे. तुमच्यासमोर नाही रडणार मी.

आता काय उपयोग, असं म्हणता? उपयोग असा की पोपटकाका आजही पर्वत पाटिया भागात शिवणयंत्रावर एका पायानं बसतात आणि माझ्या बापाचं नाव निघालं की तोंड फिरवतात. त्यांची बायको भर बाजारात माझ्या आईला बोलली होती, तुझ्या नवऱ्यानं दारूत माझं घर मोडलं. आईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. ते उतरलं पाहिजे तिच्या डोक्यावरून. मी आत्ता निघतेय त्यांच्याकडे. स्प्रिंग, दोरी, गोळी, सगळं या डब्यात घालून. तुमचं सांगणार आणि माझंही सांगणार. येता? — मी रिक्षा बोलावते. एकदा त्यांच्यासमोर उभं राहून म्हणा, गाडी गिअरमध्ये होती. तीन शब्द आहेत.

नाही ना. वाटलंच होतं. द्या ती स्प्रिंग इकडे. मूठ उघडा काका.

जा आता. आणि हो, पुढच्या दारानं नका जाऊ. आई तिथं बसलीय, तिला यातलं काही माहीत नाही, सांगायची गरजही नाही, आबांनी एकदा सांगितलं ते तिला पुरलं, तिनं कधी दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं. पुढून गेलात तर ती तुम्हाला चहाला थांबवेल. आणि तुम्ही थांबाल. मागच्या गल्लीनं जा.