तवटे मास्तरांचं आवळलेलं पोट

मंडळी, आज आधी एक प्रश्न विचारतो. पोट दुखतं आपलं — आणि बोट जातं कुणाकडं? दुसऱ्याकडं! का बरं? हसू नका, हसू नका! ते मागचे फेटेवाले आजोबा हसले, म्हणजे त्यांचंही बोट कधीतरी गेलेलं दिसतंय! तर हा प्रश्न मनात धरा, आणि ऐका.

वारणाकाठचं एक गाव. तिथं बाजीराव तवटे मास्तर. चौतीस वर्षं हायस्कुलात कवायत शिकवली. गळ्यात शिट्टी, कमरेला चार बोटं रुंद पट्टा, आणि तोंडात दोनच शब्द — "पोट आत!" पोरं पोट आत घ्यायची. शिपाई घ्यायचा. तपासणीला आलेला ढेरीवाला साहेब — तोही बिचारा नकळत आत घ्यायचा!

पुढं मास्तर निवृत्त झाले. आता कवायत संपली की नाही? छे! ती घरात आली! जेवण बरोबर साडेबाराला. पाठ ताठ. ताटावर बोलायचं नाही. पोळी गार दिसली की मास्तर नुसते बघायचे — त्या बघण्यानंच समोरच्याचा घास अडकायचा! बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. घरात मुलगा उदय आणि सून विजयमाला. लग्न होऊन तिला दोन वर्षं झालेली.

आणि अशात मास्तरांचं पोट बिघडलं. जेवले की तासाभरात पोट दगडासारखं! गुबारा धरायचा, कळ यायची, बसवेना की उठवेना. ओवा झाला, हिंग झाला, लिंबू-सोडा झाला. काही उपयोग नाही.

"विजयमाला, आमटीत काय घालतेस?"

"नेहमीचंच, मामा." आमच्याकडं सुना सासऱ्याला मामाच म्हणतात.

"नेहमीचं असतं तर दुखलं असतं का?"

ती ताट उचलून आत गेली. पण मास्तर गप्प बसले नाहीत हो! पारावर चार माणसांत बोलून गेले — "सुनेच्या हातचं मला सोसत नाही." झालं! संध्याकाळी तेच वाक्य पिठाच्या गिरणीत विजयमालेच्या कानावर आलं. एका बाईनं हसत हसत सांगितलं. विजयमालेनं पिठाचा डबा घरी आणून ठेवला. सकाळी पिशवी भरली.

"मामा, मी माहेरी जाते. तुमच्या पोटाला आराम पडेल."

पडायला हवा होता की नाही? बोला! सून गेली, आमटी गेली. मास्तर बहिणीकडं, आक्काकडं जेवायला गेले. आक्कानं मऊ भात केला, वर तूप घातलं. मास्तर जेवले, हात धुतला — आणि कळ! तीच कळ!

आक्का म्हणाली, "माझं बी सोसंना व्हय रं तुला?"

मास्तर चक्रावले. सून नाही, तिचा हात नाही, मग हे काय? आणि आता खरी भीती शिरली. त्यांचे वडील पोटाच्याच दुखण्यानं गेले होते. मास्तर कुणाला बोलले नाहीत, पण झोप उडाली.

उदयनं सांगलीला नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, नळी घालून आतून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले.

"मास्तर, सगळं व्यवस्थित आहे. गाठ नाही, व्रण नाही."

आनंद व्हायला हवा ना? मास्तरांना राग आला! "काहीच नाही? मग दुखतं ते काय? मी खोटं बोलतोय?"

"खोटं नाही. दुखणं अगदी खरं आहे. पण आतडं आणि मेंदू सारखे एकमेकांशी बोलत असतात. माणूस ताणलेला राहिला की आतडंही आवळून धरतं. त्याला सैल करायला शिका. आडवं व्हा, पोटावर हात ठेवा. श्वास आत आला की पोट वर, हळूहळू सोडला की पोट खाली. मग पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अंग ढिलं सोडा."

गोळी दिली एकच, तीही साधी. मास्तर आणखी गोंधळले. ढिलं सोडणं हे औषध? ज्या माणसानं चौतीस वर्षं पोट आत घ्यायला शिकवलं, त्याला म्हणायचं पोट बाहेर काढ?

पण शिस्तीचा माणूस! घरी आले, चटईवर आडवे झाले — कसे? सावधानमध्ये! टाचा जुळलेल्या, मुठी वळलेल्या! "श्वास घे! एक! श्वास सोड! दोन!" श्वास आत, पोटही आत! सगळं उलटं! चार दिवस ही कवायत केली. पोट आधीपेक्षा जास्त दुखलं.

पाचव्या दिवशी मास्तर एकटेच एसटीत बसले आणि सुनेच्या माहेरी गेले. का गेले? त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. आक्काचा भातही दुखला, म्हणजे सुनेला आपण फुकट बोललो, एवढं कळलं होतं. एक वाक्य पाठ करून नेलं होतं. पायरीवर उभे राहिले, विजयमाला दारात आली — आणि वाक्याऐवजी कळ आली! मास्तर पायरीवरच बसले. कपाळाला घाम.

विजयमालेनं पाणी आणलं. त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मामा, पट्टा सोडा."

आजवर मास्तरांना कुणी असं सांगितलं नव्हतं! त्यांनी मुकाट्यानं पट्टा सोडला.

"भिंतीला टेका. हात इथं, बेंबीवर. श्वास घेऊ नका, येऊ द्या. मोजू नका. खांदे पाडा... जबडा का दाबलाय? सोडा तो. हां. आता हळू बाहेर. घाई कुठं आहे?"

पहिले दहा श्वास काही नाही. मग हाताखाली पोट जरासं वर आलं. मग आतून आवाज आला — गुडगुड! मास्तर लाजले. ती म्हणाली, "येऊ दे, चांगलंय." पाव तासात कळ ओसरली.

"तुला हे कसं येतं?"

"उपकेंद्रातल्या सिस्टरनी शिकवलं. गेल्या वर्षी. माझंही पोट दुखायचं, मामा."

"तुझं? कधी?"

"साडेबाराला."

मंडळी... साडेबाराला!

"मग सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? ताटावर बोलायचं नसतं."

पाठ केलेलं वाक्य मास्तर विसरून गेले. "पारावर बोललो ते चुकलं," एवढंच म्हणाले. "तिथंच जाऊन सांगतो."

आणि सांगितलं बरं का! त्याच पारावर, त्याच चार माणसांत — "सुनेच्या जेवणात खोट नव्हती. खोट माझ्यात होती." लोक हसले. हसू देत! आठ दिवसांनी उदय विजयमालेला घेऊन आला. त्या दुपारी जेवताना बोलायचं ठरलं, पण बोलायचं काय, हे कुणालाच सुचेना! शेवटी मास्तर म्हणाले, "आमटी... गरम आहे." आणि तिघंही हसत सुटली.

दुखणं पळालं का? नाही. अजून महिन्यातून एकदोनदा येतं. आलं की मास्तर पट्टा सोडून आडवे होतात. परवा मला भेटले. म्हणाले, "बुवा, मला अजून कळलं नाही. गुण कशानं आला? श्वासानं, की घरात बोलणं सुरू झालं त्यानं?"

मी तरी काय सांगू? मलाही कळलेलं नाही! सांगून टाकतो, उगाच मला शहाणा समजू नका.

पण एक ऐका. पोट दुखलं तर आधी डॉक्टरकडं जा. कीर्तन ऐकून घरी बसू नका! आणि मग घरात बघा. तुम्ही ताटावर बसलात की समोर कोण अंग चोरून बसतं? कुणाचा घास अडतो? सून असेल, बायको असेल, म्हातारा बाप असेल. आज जेवताना त्या माणसाला विचारा — "तुझं काही दुखतं का?" विचारणं सोपं आहे. पण विचारून झालं की, मायबाप, त्याचं उत्तर येईपर्यंत गप्प बसा!

चला, टाळ घ्या हातात. खांदे सैल सोडा, आणि मोकळ्या पोटानं त्या विठ्ठलाला हाक मारा!