घरट्याजवळची काठी

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर दोघं डोळ्यांत थेंब घालून डोळे मिटून बसली होती. मी मधे. डावीकडच्या बाईंनी नर्सला काही विचारलं, तसे उजवीकडचे गृहस्थ बोलले.

"मॅडम, आवाजावरून ओळखलं. माळावर पक्ष्यांची घरटी मोजायला यायचात ना? मी मेंढरंवाला."

"अरे, दादा, तुम्ही? मेंढरं कशी आहेत?"

"विकली. तुमच्या अहवालानंतर माळावर चराई बंद झाली."

"काय करणार? एकाही घरट्यातली अंडी टिकत नव्हती."

"रागावणार नसाल तर एक बोलतो. तुम्ही प्रत्येक घरट्याशेजारी खुणेची काठी रोवायचात."

"रोवायलाच लागायची. नाहीतर गवतात घरटं परत सापडतंय कुठे?"

"कावळ्यालाही सापडत नव्हतं. तुमची पाठ वळली की तो काठीवर येऊन बसायचा, मग खाली उतरायचा."

"तुम्ही पाहिलंत?"

"रोज."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही शिकलेल्या. म्हटलं, यांना ठाऊक असेलच. एकदा मात्र राहवलं नाही. एक काठी उपटून फेकली. त्या घरट्यातली तिन्ही पिल्लं उडाली."

"कुठलं घरटं? ओढ्याच्या वरचं?"

"तेच."

"ते मी वहीत 'हरवलं' म्हणून लिहिलंय, दादा."