प्रातिनिधिक खुर्ची

तुलाराम : नाई म्हणलो नं एकदा! आज मी लंगडा होत नाई.

वीरेंद्र : काका, असं नोका करू. आमचे अध्यक्ष, महाबंधू, भंडाऱ्याहून निघाले आहेत. शाळेच्या ग्राऊंडवर मंडप लागला, व्हीलचेअर आली, हार आले, बँडवाले पण आले. फक्त लाभार्थी नाही.

तुलाराम : मंग हार त्या खुर्चीलेच घाल. साऱ्या जिल्ह्यात तिच्यायेवढी मेहनत कोणी केली?

पुष्पाबाई : अजी, ओरडू नोका. त्याले पाणी तं द्या. घामानं भिजला पोरगा.

वीरेंद्र : राहू द्या काकू. काका, क्या है ना, हे काही गल्लीतलं मंडळ नाही. अखिल महाराष्ट्र सखाबंधू महासंघ आहे. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत शाखा आहेत. आंधळगाव शाखेचा मी सचिवबंधू आहे. माझ्या इज्जतीचा तं विचार करा.

तुलाराम : केला बापा, पाच वर्षं केला. करडीच्या कार्यक्रमात तुमच्यासाठी मी लंगडा झालो. पवनीले माझे दोन्ही पाय ट्रॅक्टरखाली गेले. तुमसरले आंधळा झालो, पांढरी काठी भेटली, अन् मंचावरून उतरताना महाबंधू अडखळला तं मीच त्याले पायरी दाखवली. तरी कोणाच्या ध्यानात आलं नाई.

वीरेंद्र : तुमच्या कलेची कदर आहे काका. सगळ्या शाखांमध्ये तुमचं नाव आहे.

तुलाराम : अन् मोहाडीले? मोहाडीले तं मी विधवा झालो. पुष्पीचं लुगडं नेसलो, कपाळ पुसलं, अन् असा हंबरडा फोडला का शिलाई मशीन देता देता जिल्हाबंधू रडला. तरुणपणी दंडारीत बायकाइचे सोंग घेत होतो, ते कामी आलं. दुसऱ्या दिवशी लाखनीचा एक बिजवर आला विचारत, का ते दुःखी बाई कोणत्या घरची म्हून.

पुष्पाबाई : खरंच आला होता. चहा पेला माझ्या हातचा. तवा हात चालत होता माझा.

वीरेंद्र : मंग आजच काय झालं? एक घंट्याचं काम आहे. बसाचं, हात जोडाचे, फोटो निघाला का उठाचं. वरून पुरी-भाजी अन् बुंदी.

तुलाराम : बुंदीचं नाव काढू नोको. आज काय झालं म्हून विचारतेस? तुले दिसून नाई राहिलं का? ते बसली आहे भिंतीले टेकून, ते काय आहे? चित्र आहे का?

वीरेंद्र : काकूचं मले माहीत आहे नं काका.

तुलाराम : माहीत आहे तं सांग मले. होळीले लकवा मारला. डावा हात गेला, डावा पाय गेला, अर्धं तोंड गेलं. आंगणातून न्हाणीत नेतो तं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून वढत नेतो. त्या खुर्चीचा एक पाय तुटला, तं विटेवर टेकवली. अन् इकडं माझे दोन पाय धडधाकट, तं मी तुमच्या चाकाच्या खुर्चीवर बसून लोकायले हात जोडू? कोणत्या तोंडानं?

वीरेंद्र : काका, ती खुर्ची द्याची नसते. समजून घ्या. ते प्रातिनिधिक वाटप आहे.

पुष्पाबाई : म्हंजे काय गा?

वीरेंद्र : म्हंजे काकू, महासंघाची एक आधार समिती आहे. तिनं दर जिल्ह्याले एक नमुना खुर्ची देल्ली. प्रत्येक शाखेनं ती प्रातिनिधिक स्वरूपात वाटाची, फोटो पुण्याले पाठवाचे. फोटो समितीनं पसंत केले का प्रकल्प समिती बसते. ते बसली का खऱ्या खुर्च्या येतात.

पुष्पाबाई : अन् बसली का ते?

वीरेंद्र : अजून नाही.

तुलाराम : ते कशी बसंल? बसाले एकच खुर्ची, अन् तिच्यावर मी!

वीरेंद्र : मस्करी नोका करू. आज आंधळगाव, संध्याकाळी कोंढा, उद्या साकोली. कार्यक्रम झाला का ‘परत समिती’ खुर्ची ताब्यात घेते अन् पुढच्या शाखेले देते.

पुष्पाबाई : वापस घ्याची पण समिती आहे?

तुलाराम : तेच एक समिती टायमावर येते. बाकीच्या सत्कारात अडकते. स्वागत समिती आहे, हार समिती आहे, महाबंधूच्या चपला सांभाळाची पण असंल. ब्लँकेट समितीनं मागच्या थंडीत धनीरामच्या म्हाताऱ्या बापाच्या आंगावर ब्लँकेट टाकलं, फोटो काढला, अन् घडी करून घेऊन गेले. बुढा म्हणे, आधी थंडी नव्हती लागत, आता लागते.

वीरेंद्र : ते चुकीचं झालं. मी बैठकीत बोललो होतो.

तुलाराम : बोलला अन् चहा पेला. आमच्या घरी पण आले होते नं तुमचे लोक. शेजारच्या चिंधू बुढ्यानं अर्ज करा म्हणलं, आम्ही केला. पाहणी समिती आली, पाच जण, पांढरे कपडे, गळ्यात पिवळे पट्टे. या आंगणात बसले. हिले म्हणे, आजी, जरा हसा. हे हसली. जमलं तेवढं हसली बिचारी. मंग तुमचा तो पट्टेवाला मोबाईल पाहून काय बोलला? सांग हिच्यासमोर.

वीरेंद्र : जाऊ द्या काका.

तुलाराम : सांग!

वीरेंद्र : ...चेहरा वाकडा येते म्हणले. लाभार्थी प्रसन्न पाहिजे म्हणले. महाबंधूंच्या बाजूले बरं नाही दिसत.

पुष्पाबाई : मले माहीत आहे, वीरेंद्र. मी आईकलं होतं तवाच. कान चालतात माझे.

वीरेंद्र : काकू, माफ करा.

पुष्पाबाई : तुले कायले माफ करू, तू थोडी बोलला? तू तं चूप होता.

तुलाराम : म्हून सांगतो, शिसारी आली मले. पाच वर्षं वाटे, चला, नाटकच आहे. दंडारीत राजा होत होतो, इकडं लंगडा होतो. पण दंडारीत मी राजा झालो तं खऱ्या राजाचं राज्य जात नोतं! जा तू. खुर्ची रिकामी राहू दे.

वीरेंद्र : काका, पाया पडतो. महाबंधूंसमोर रिकामी खुर्ची ठेवली तं शाखाच रद्द होईल. गावात दुसरा कोणी कॅमेऱ्यासमोर टिकत नाही. मागं अंकुशले बसवलं, तं तो टाळ्या वाजल्या का उभा राहून नमस्कार कराले लागला.

पुष्पाबाई : मी येतो.

वीरेंद्र : काय?

पुष्पाबाई : मी बसतो खुर्चीवर. तुमची अडचण निघंल.

तुलाराम : पुष्पे, खुळी झाली का? त्या लोकायसमोर? ज्याइनं तुले असं म्हणलं?

पुष्पाबाई : तुमी चूप राहा जी. तुमी विधवा झाले तवा मी काही बोललो का?

वीरेंद्र : पण काकू... फोटो समिती...

पुष्पाबाई : पदर घेतो. डाव्या बाजूनं वढून घेतो, अर्धं तोंड झाकलं का झालं. उजवी बाजू चांगली आहे माझी. तरुणपणी लोक तेच पाहत होते.

वीरेंद्र : पदर... अरे वा! ग्रामीण, भावपूर्ण! जमते काकू, एकदम जमते! मी गाडी दारात लावतो. काका, तुम्ही उचलून बसवा, मी दार धरतो.

तुलाराम : पुष्पे, खरंच जातेस?

पुष्पाबाई : न्हाऊ घाला मले. शिकाकाई लावा. अन् ते हिरवं लुगडं काढा.

(दुपार. शाळेचं ग्राऊंड. महाबंधूंच्या गाड्या धूळ उडवत कोंढ्याकडे गेल्या आहेत. मंडपवाले बांबू उपटत आहेत.)

वीरेंद्र : काकू, काय फोटो आला! जिल्हाबंधू म्हणे, असा लाभार्थी आजपर्यंत पाहिला नाही. चला, आता उतरा. पिकअप उभी आहे, खुर्ची कोंढ्याले पाठवाची आहे. काका, उचला त्यांना.

तुलाराम : मी कायले उचलू? सकाळी बसवाचं काम तू मले सांगितलं, ते मी केलं. उठवाचं काम ‘परत समिती’चं. दुसऱ्याच्या समितीत मी हात घालत नाई.

वीरेंद्र : आता इथं नोका नाटक करू! अंकुश! धनीराम! या रे इकडं!

पुष्पाबाई : आले होते ते मघाशी. माझ्याकडे पाहिलं, एकमेकाकडे पाहिलं, अन् मंडपवाल्याचे बांबू उचलाले गेले.

वीरेंद्र : अरे, इकडं या म्हणलं नं!

तुलाराम : बहिरे झाले ते. त्याइले कानाची मशीन द्या, प्रातिनिधिक स्वरूपात.

वीरेंद्र : काकू, हे बरोबर नाही. ठरलं होतं आपलं.

पुष्पाबाई : मी बसतो म्हणलं होतं, ते बसलो. उठतो म्हणलं का? मले उठता येत नाई, हे साऱ्या आंधळगावले माहीत आहे. तू उचल.

वीरेंद्र : मी?

पुष्पाबाई : डाव्या बगलेत हात घाल. तो हात मेला आहे, दुखत नाई. पाय मागून येतील आपोआप. तुझ्या दुकानात खताची चुंगडी उचलतेस नं, तसंच. जड नाई मी.

वीरेंद्र : उचलून... ठेवू कुठं?

पुष्पाबाई : ते तू पाह. प्लास्टिकच्या खुर्च्या ट्रॅक्टरात गेल्या. गालिचा गुंडाळला. इकडं गिट्टी आहे, तिकडं माती आहे. जिथं ठेवून तुले बरं वाटंल, तिथं ठेव.

वीरेंद्र : पिकअपमध्ये ठेवतो. घरापर्यंत सोडतो.

तुलाराम : अन् घरी? विटेवरच्या खुर्चीत?

वीरेंद्र : काका, माझ्या हातात काही नाही हो! वरून आदेश असतात. हे सीटचं प्लास्टिक पण काढता येत नाही आमाले, पुढच्या शाखेत नवीन दिसली पाहिजे म्हणून.

पुष्पाबाई : वीरेंद्र, एक विचारू? तुझ्या महाबंधूनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, फोटो निघाला. मंग त्यानं खिशातून रुमाल काढला अन् हात पुसला. एकेक बोट पुसलं. काय लागलं होतं गा माझ्या केसाइले? याइनं सकाळीच तं न्हाऊ घातलं होतं.

वीरेंद्र : तेल-बिल लागलं असेल, काकू.

पुष्पाबाई : तेल नोतं लावलं. तू पाहिलं का नाई?

वीरेंद्र : पाहिलं.

पुष्पाबाई : मले वाटलं, मलेच दिसलं.

वीरेंद्र : पाहिलं काकू. पुसून झाल्यावर तो रुमाल त्यांनी माझ्याच हातात देल्ला. गाडीत बसताना नाही नेला.

तुलाराम : कुठं आहे?

वीरेंद्र : खिशात. धुऊन द्याचा असंल, असं वाटलं मले.

तुलाराम : थू! धुऊन देणार होता? तुझा बाप गावाले खत विकत होता, पण त्याच्या हाताले वास नोता बापा. फेक तो रुमाल. फेक आधी, मंग बोल आमच्याशी.

वीरेंद्र : फेकला. झालं समाधान?

पुष्पाबाई : आता उचल मले.

वीरेंद्र : नाही उचलता येत, काकू.

पुष्पाबाई : काहून? जड आहो का?

वीरेंद्र : नाही हो. ...कोंढ्याले काय सांगू मी? तिथं मंडप लागला आहे. महाबंधू पोचलेच असतील, लोक हार घेऊन उभे असतील.

तुलाराम : सांगजो, का आंधळगावले मोठा घोटाळा झाला. लाभार्थी खरी निघाली.

वीरेंद्र : हसू नोका. माझं सचिवपद गेलं समजा. पिवळा पट्टा वापस मागतील.

तुलाराम : त्याची पण समिती असंल.

पुष्पाबाई : अन् कोंढ्याले कोणी बाई असंल तं? माझ्यासारखी? तिची वाट पाहून राहिली असंल बिचारी.

वीरेंद्र : कोणी नाही काकू. कोंढ्याचे लंगडे पण तुलारामकाकाच होणार होते. अर्ज आलेत तिथले, पण फोटोत बसले नाहीत.

पुष्पाबाई : मंग त्याइच्या दारी पण जाजो कधी. कॅमेरा घरी ठेवून.

वीरेंद्र : जाईन.

तुलाराम : चहा नोको पेऊ तिथं.

वीरेंद्र : काका... ब्रेकचा दांडा उजव्या बाजूले आहे. उतारावर सोडू नोका. अन् हे प्लास्टिक काढून टाका, पाठीले चिकटते ते.

तुलाराम : ऐकलं का पुष्पे? फाडू का?

पुष्पाबाई : फाडा. हळू, लुगड्याले चाक नोको लागू द्या.

तुलाराम : धर घट्ट. चल, घरी जाऊ.

पुष्पाबाई : घरी कायले? किती महिने झाले, घरच पाहून राहिलो. तलावाच्या पाळीवरून घ्या जी. सिंगाडे निघून राहिले असतील.