शिवेबाहेरचा इच्चू

तसा नाई धरत, साहेब — चिमट्यानं त्याचा पाय तुटन — हे पाहा, नांगीच्या थोडं मांगं, दोन बोटायनं — झालं. टाका शिशीत. आता चिठ्ठीवर मालेगाव लिहा. नाई, जऊळका नाई, जऊळक्याचे त्या दुसऱ्या डब्ब्यात हायेत. मिसळले? मिसळू द्या ना, मी देतो निवडून, डायीतले खडे निवडाव तसे. तुमी म्हन्ता दोन्ही एकच जात — असन बाप्पा, तुमी मुंबईच्या कालेजातले, पुस्तक तुमचं. पन जात एक असली म्हनून गाव एक होते का? आमी बी माळी, जऊळक्याचे बी माळी — एकडाव सोयरीक करून पाहा त्यायच्यात, मंग समजन. हा पाहा, रंग तुरीच्या वरनासारखा, शेपटी बारीक — हा आमचा. अन् हा इटकरीसारखा लाल, पायाचे टोंगळे, सांधे म्हना, काये कुट्ट — हा जऊळक्याचा, ठेसनाजवळच्या दगडात सापडते. पाच कोसाचा फरक. सरकारनं आमाले मध्यप्रदेशातून उचलून तुमच्या मुंबई राज्यात टाकलं, आमाले मालूम बी नाई पडलं. इच्चूले पाच कोस समजते.

कायले शिकलो म्हन्ता? पोटासाठी नाई, पोटासाठी वांगे हायेत. इच्चू उतरवाची इद्या घरची — माह्या बापाची. कोन्हाले चावला का लोक म्हन्ते, चला चंपत माळ्याकडं. संग मारलेला इच्चू आना लागते फडक्यात बांधून, तसा रिवाज हाये, इच्चू पाह्यल्याशिवाय मी मंत्र म्हनत नाई. लोकायले वाटते मंत्रालेच लागते तो. आता तुमी तं चालले, तुमाले सांगाले काय जाते — मंत्रात काई नाई. मी पयले इच्चू पाह्यतो. आमचा असला तं आघाड्याची मुळी घासून लावतो, मंत्र म्हनतो, सांजपरेंत ठनकते अन् उतरते. मंत्र नाई म्हनला तरी उतरते. जऊळक्याचा असला तं सरळ हात जोडतो — बाप्पा, माह्या मंत्राले शीव हाये, शिवेबाहेरचा इच्चू आयकत नाई माह्यं, वाशीमच्या दवाखान्यात न्या, हेच मोटार पकडा. तो मारते ना मानसाले. असे अकरा धाडले मी, दोन सोडून समदे आपल्या पायानं वापस आले. लोक म्हन्ते, चंपतले समजते हात कुठं जोडाव. तेवढीच काय ते इद्या.

थांबा, झाकन लावू नका, एक माह्या जवळचा हाये. हे शिशी. राकेल हाये त्याच्यात, इस्पिरिट कुठून आनू मी? सात वर्स झाले — रंग पुरा उडाला, पांढरा पडला, म्हनून मले आता काई सांगता येत नाई. पन तुमी म्हनले ना, रंगावर आमी जात नाई, पोटाखालच्या कंगव्याचे दात मोजतो — मंग मोजा. हा आमचा का जऊळक्याचा, एवढं सांगा. लावा भिंग, घाई नाई. मी आपला बोलत राह्यतो.

कोन्हाले चावला म्हन्ता? हौसाबाईले. लहान्या भावाची बायको, पंजाबरावाची — तोच, भाईर तुमच्यासाठी गाडी जुपून राह्यला तो. दुपारची येळ, बाई वांग्याले पानी देऊन राह्यली होती, पाटाचा दगड सरकवाले हात घातला. पंजाबरावानं तिले उचलून आनलं, इच्चू फडक्यात आनला. मी पाह्यला. म्हनलं, आपल्याच शिवेतला हाये, उतरन. बसलो मंत्र म्हनत. तिले घाम सुटला — लुगडं भिजलं, हातपाय थंडे पडले. पंजाबराव म्हने, "दादा, तीनची मोटार हाये वाशीमची." मी म्हनलं, "माह्यावर इस्वास नाई का तुहा?" तो खाली बसला. मोटार गेली, आमाले तिचा आवाज आला. दिवस बुडाच्या आंधी बाई गेली.

वयखला नाई म्हनून झालं, दुसरं काय? चेचला होता, साहेब. चेचलेला इच्चू कोन्हाले वयखू येते — तुमाले तरी येईन का? शेपटीकून चेचला होता. पाय साबूत होते. पायाचे टोंगळे — मोजा ना तुमी, माह्या तोंडाकडं काय पाह्यता. दगड? दगड कुठचे म्हंजे, पाटाले लावाले आनले होते ते. कोन्ही म्हंजे मीच आनले. ठेसनाच्या पल्याड पडले होते रेल्वेचे, दोन गाड्या भरून आनले. पंजाबराव नको म्हने, दादा, सरकारी दगड हायेत. मी म्हनलं, मोठा मी का तू? आता त्या आंगनात पंधरा मानसं उभे, फडकं उघडलं — म्हनाव काय? जऊळक्याचा म्हनलो असतो तं तो इथं आला कसा हे बी सांगा लागलं असतं. जऊळक्याच्यानं समदेच थोडी मरते. मले वाटलं, उतरन बी. लई वाटलं, साहेब. मंत्र येवढा मन लावून कधीच म्हनलो नाई मी.

किती? चौतीस. डबल मोजा बरं. हाव. आमच्यायले एकतीस, अन् त्या डब्ब्यातल्यायले चौतीस — हाव हाव, आयकू आलं. मले मालूमच होतं. पन वाटलं, तुमी शिकलेले मानसं, तुमी तरी आमचा म्हनसान.

पंजाबराव सात वर्सांत मले एक वाकडा सबद बोलला नाई. कोन्ही इचारलं तं सांगते, दादानं लई केलं, तिचीच भरली होती. दुसरी बायको नाई केली त्यानं. पयल्या तोडीचे वांगे अजून बी माह्याच घरी आनून देते — अन् ते भाजी मले गिळवत नाई. लाज वाटते मले त्याची. सांगून टाकाव म्हन्ता? तुमाले सोपं हाये, तुमी चिठ्ठी लावता अन् जाता.

गाडी जुपली पाहा त्यानं. ठेसनापरेंत पाच कोस तो तुमच्या संग राहीन, अन् बोलका हाये. पयले तं हेच इचारन, साहेब, दादाच्या शिशीतलं काय निंगालं. अन् तुमाले खोटं बोलता येत नाई, मंघापासून पाहून राह्यलो मी.

ए पंजाबराव — उतर खाली. तू वांगे तोड, उद्या बजार हाये. गाडी मी हाकतो. — चाला साहेब, मांगं बसा, डब्बे मांडीवर घ्या. वाटेनं झोप काढली तरी चालन.