उजेड कमी होता हो!

नाही नाही नाही, कॅमेऱ्यात काही खोट नाही! विकायला काढला म्हणजे बिघडलेलाच असणार असं धरूनच येता तुम्ही लोक, सकाळपासूनची तिसरी पार्टी ही, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच... "पडला होता का हो?" अहो, कॅमेरा नाही पडला! कॅमेरा सोडून बाकी सगळं पडलं! बसा. त्या खुर्चीत नको, ती डोळे तपासायची आहे, तिच्यात बसलात की सवयीनं तुमची हनुवटी धरीन मी.

तर तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं झाली या चष्म्याच्या दुकानाला. माणूस येतो, त्याच्या नाकावर चौकट ठेवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "पहिली बरी की दुसरी?" दोन मिनिटांत निकाल! एखादा घुटमळला, "परत एकदा पहिली दाखवा बरं..." की माझं डोकं फिरतं. "अहो, दिसतंय की नाही एवढंच सांगायचंय, मुलगी नाही बघायचीय!" असं मी म्हणतो. हा मी! आणि या माझ्याच हातून एक कॅमेरा ठरायला किती वेळ लागला? तीन वर्षं. तीन वर्षं हो!

आता चष्मेवाल्याला कॅमेरा कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. बायकोसाठी. म्हणजे तिला वापरायला नाही, तिला टिपायला. आमची ही वीज कचेरीत. बिलांच्या तक्रारी ऐकायच्या खिडकीवर बसायची, दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी बॅडमिंटन खेळून ती सगळी शटलवर काढायची. दुहेरीत खेळायची. जोडीदारीण तिच्याच कचेरीतली, डावखुरी, आम्ही सगळे तिला डावरीच म्हणतो. दर वर्षी सगळ्या कचेऱ्यांच्या स्पर्धा होतात, दर वर्षी या दोघी अंतिम सामन्यात पोचायच्या आणि दर वर्षी पाणी खात्याच्या दोघींकडून हरायच्या. त्यातली एक इतकी उंच की जाळीवरून खाली वाकून बघते, आणि दुसरी दिसायला ढिम्म, पण शटल नेमकं तिच्याकडेच जातं, ती कुठे जात नाही!

आणि तो हॉल! पूर्वी गोदाम होतं म्हणे. अजून आहेच, फक्त पोती काढलीत. छताला बारा दिवे, त्यातले चार गेलेले, दोन जाऊ की नको करणारे, उरलेले पिवळे-हिरवे. उजेड म्हणजे काय, आपण हॉलमध्ये आहोत एवढं कळावं इतपत. आणि वीज कचेरीचा संघ खेळतोय हो तिथे!

तर तीन वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. तिसरा गेम, एकोणीस-एकोणीस. शटल उंच गेलं, पार छतापर्यंत, आणि आमची ही त्याच्याखाली उभी, मान वर, रॅकेट मागे खेचलेली... काय दिसत होती म्हणून सांगू! मी माझा जुना कॅमेरा उचलला, बटण दाबलं आणि फ्लॅश पडला. पांढराशुभ्र. थेट तिच्या डोळ्यांत. शटल खाली आलं आणि तिच्या खांद्यावर टपकन पडलं.

पंच त्या उंच खुर्चीवरून ओरडले, "फ्लॅश कोणी मारला?" सगळ्यांनी वळून माझ्या दिशेला बघितलं. मी काय केलं? मीसुद्धा वळून मागे बघितलं! मागे भिंत होती.

हरल्या. घरी जाताना मी म्हटलं, "हॉलमध्ये उजेडच कमी आहे गं." ती म्हणाली, "हो ना." बस. बायकोनं भांडण केलं तर माणूस मोकळा तरी होतो! ही खिडकीबाहेर बघत राहिली. आणि मी मनाशी ठरवलं, फ्लॅशशिवाय, त्या अंधारात, हिच्या त्या फटक्याचा असा फोटो काढायचा की हॉलभर लावावा. त्यासाठी चांगल्यातला चांगला कॅमेरा घ्यायचा. नीट पारखून घ्यायचा.

तेच चुकलं. नीट पारखून.

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. तिथला विक्रेता पोरगेलासा, पण बोलायचा असा की सर्जननं नातेवाइकांना बाजूला घ्यावं. "काका, आधी बॉडी ठरवू. लेन्सचं नंतर." ही सोबत होती. ती म्हणाली, "नुसतं धड घेऊन काय करायचं?" तो हसला नाही. "काका, मोठा सेन्सर घेतलात तर उजेड जास्त ओढेल, फोटोत वाळूसारखे दाणे कमी येतील. लहान सेन्सर घेतलात तर लांबचं जवळ येईल, वेगही जास्त, पण अंधारात दाणे." म्हटलं, "पहिला बरा की दुसरा?" तर म्हणाला, "ते तुमच्यावर आहे, काका." माझ्यावर! मी कधी गिऱ्हाइकाला असं म्हटलं तर गिऱ्हाईक माझाच चष्मा काढून नेईल!

मग सुरू झालं. एक सेकंदाला वीस फोटो काढतो, पण पाच सेकंदांत त्याचं पोट भरतं आणि मग तो विचारात पडतो, तोवर गेम संपतो. दुसऱ्याचं पोट मोठं, पण त्याच्या आवाज न करणाऱ्या शटरवर पळती रॅकेट वाकडी येते. केळ्यासारखी वाकडी! तिसऱ्यात रॅकेट सरळ, तर दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे एक फोटो पिवळा, पुढचा हिरवा, त्याच्या पुढचा अर्धा-अर्धा. चौथ्यात सगळं छान, तर मेहुण्याचा फोन! हिचा धाकटा भाऊ. स्वतः जन्मात फोटो काढला नाही, पण त्याला सगळं माहीत. "भाऊजी, थांबा हो! घाई करू नका! सहा महिन्यांत नवा येतोय!" मी थांबलो. सहा महिन्यांनी नवा आला. घ्यायला निघालो, परत फोन. "भाऊजी, आता घेताय? आता तर त्याच्या पुढचा येतोय!" तुम्हाला सांगतो, तीन वर्षांत सहा वेळा मी दुकानाच्या पायरीवरून परत आलोय.

आणि सामने चालूच. ती खेळायची आणि मी? मी छताकडे बघत दिवे मोजायचो. हातात उजेड मोजायचं यंत्र. डावरी विचारायची, "भावोजी, कसा झाला गेम?" मी म्हणायचो, "डाव्या कोपऱ्यात उजेड फार कमी आहे हो!" मधल्या दोन वर्षांचे अंतिम सामने त्या जुन्याच कॅमेऱ्यावर काढले, फ्लॅशवर चिकटपट्टी लावून. अजून आहेत ते फोटो. एक तपकिरी ढग डावीकडून उजवीकडे चाललाय... ती माझी बायको. लोक विचारायचे, "यात वहिनी कुठे?" मी म्हणायचो, "उजेड कमी होता हो!"

मग आलं हे वर्ष. ही निवृत्त होणार, म्हणजे ही शेवटची स्पर्धा. कचेरीच नसली तर कचेरीकडून खेळणार कोण? आणि या वर्षी काय खेळत होती म्हणता! उपान्त्य सामना सरळ दोन गेममध्ये. घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसली आणि म्हणाली, "अहो, या वेळी होईल असं वाटतंय." छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं. मी म्हटलं, आता कॅमेरा आलाच पाहिजे.

रविवारी अंतिम सामना. शुक्रवारी मी विक्रेत्याला इतका पिळला की कंटाळून त्यानं दोन बॉडी, लेन्ससकट, दोन दिवस वापरून बघायला दिल्या. एक मोठ्या सेन्सरवाली, एक वेगवाली. म्हणाला, "काका, वापरा, ठरवा, आणि कृपा करून ठरवाच."

आता आमच्या घरी स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत एक लांब पॅसेज आहे. शनिवारी दुपारी मी सगळे पडदे ओढले, एकच दिवा ठेवला, यंत्रानं मोजलं... आणि आनंदानं ओरडलोच! तंतोतंत हॉलइतका उजेड! हिला हाक मारली. "अगं, जरा रॅकेट घेऊन ये." ती म्हणाली, "अहो, उद्या सामना आहे, आज मला पडू द्या जरा." म्हटलं, "दोन मिनिटं! फक्त पहिली बरी की दुसरी, एवढंच!"

आली बिचारी. घरातल्या कपड्यांत, रॅकेट घेऊन, शटल नाही काही नाही. मी म्हटलं, "जाळीजवळचं शटल उचलतेस ना, पाय लांब टाकून, तसं कर." तिनं केलं. मी पहिल्या बॉडीनं काढलं. "आता परत, दुसऱ्या बॉडीसाठी." तिनं केलं. "नाही, तसं नाही, आधीच्याइतकाच लांब पाय टाक, नाहीतर तुलना कशी होणार?" तिनं केलं. "परत." केलं. "आता जरा वेगात." केलं. काय जीव असतो हो एखाद्या माणसात! स्वतःची विश्रांती सोडून नवऱ्याच्या वेडापायी अंधाऱ्या पॅसेजमध्ये हवेतलं शटल उचलत होती. सोळा वेळा. मी मोजलेत, फोटोंवर क्रमांक असतात. म्हटलं, "एकदाच, शेवटचं."

सतराव्या वेळी पायाखालचं पायपुसणं सरकलं.

आता तुम्हाला खरं सांगतो, हे मी मेहुण्यालाही सांगितलेलं नाही. या कॅमेऱ्यात एक हिरवा चौकोन असतो, तो माणसाचा डोळा शोधून धरून ठेवतो. ती खाली गेली, तर तो चौकोनही तिच्या डोळ्याबरोबर खाली गेला. सुटला नाही! आणि मी... मी आधी स्क्रीनकडे बघितलं. तिच्याकडे नाही. फोकस राहिलाय का ते बघितलं. दोन सेकंद. फार तर तीन. मान वर केली तेव्हा ती गुडघा धरून बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती. आणि विचारलं तिनं, काय विचारलं सांगू? "आला का?"

आला होता. इतका स्पष्ट की काय सांगू.

डॉक्टर म्हणाले, दीड महिना पाय टेकायचा नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं पडल्या?" मी म्हटलं, "उजेड कमी होता हो..."

बॉडी मात्र ठरली. तीन वर्षं न ठरलेली गोष्ट एका मिनिटात ठरली. पडली तेव्हा हातात जी होती ती ठेवली, दुसरी परत केली. विक्रेता म्हणाला, "व्वा, काका! शेवटी कशावरून ठरवलंत?"

रविवारी हट्टानं आली ही, कुबड्या घेऊन. डावरीबरोबर कचेरीतली नवीन मुलगी उभी केली होती, भरती होऊन चार महिने झालेली. आम्ही मनाची तयारी करून गेलो होतो, हरणार म्हणून. आणि तुम्हाला सांगतो... जिंकल्या! सरळ दोन गेममध्ये! उंच बाई वाकून वाकून दमली, ढिम्म बाईला पहिल्यांदा पळावं लागलं, हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं की कशाचं, विचारू नका. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या आमच्या हिच्या. बाकावर बसून, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून.

मग कचेरीचे सचिव म्हणाले, "चषकाबरोबर फोटो! फक्त खेळलेल्यांनी उभं राहा!" डावरी हिला ओढायला लागली, तर हीच म्हणाली, "नको गं, नियम तो नियम." आणि फोटो कोण काढणार? "वहिनींच्या मिस्टरांकडे भारी कॅमेरा आहे!" मी काढला. एकही दाणा नाही, रंग अचूक, रॅकेट सरळ. कचेरीत मोठा करून लावलाय, तिच्या खिडकीच्या बरोबर समोर. शेवटचा महिनाभर ती तो बघत बसायची.

आणि एक फोटो मी तिचाही काढला. बाकावरचा. टाळ्या वाजवतानाचा. घरी मोठ्या पडद्यावर उघडला. ती शेजारी येऊन बसली, बराच वेळ बघत राहिली. त्या अंधारातसुद्धा बँडेजची वीण दिसते हो. आणि हसऱ्या चेहऱ्यावरचे डोळे भरून आलेले, तेही दिसतात. हॉलमध्ये माझ्या नुसत्या डोळ्यांना दिसले नव्हते. मी, डोळ्यांचाच धंदा करणारा माणूस!

ती म्हणाली, "छान आलाय. दाणे नाहीत." मग म्हणाली, "त्या वर्षीचा फ्लॅश तुमचाच होता ना?"

मी तोंड उघडलं. जिभेवर काय आलं होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. पण समोर तो फोटो होता, त्यात सगळं दिसत होतं, म्हणणार कसं? मी मान डोलावली. ती म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंत तर साध्या मोबाइलवरचा फोटोही चालला असता मला." आणि उठून कुबड्या घेत आत गेली.

म्हणून विकतोय. घ्या हातात. पडदे ओढून देऊ का? अंधारात बघा, काही म्हणजे काही लपत नाही यात. काय म्हणता? विचार करून सांगता?

करा हो. सावकाश करा. फक्त घरातलं पायपुसणं आधी उचलून ठेवा.