राऊंड संपायच्या आत

परळच्या एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये मालनताई चहाच्या रांगेत उभ्या होत्या. नवऱ्याचा एक्स-रे व्हायला वेळ होता. पुढे पांढऱ्या कोटातल्या दोन शिकाऊ डॉक्टर मुली दबक्या आवाजात बोलत होत्या.

"रेश्मा, वॉर्डातली ती म्हातारी काय बोलत होती ते तुला कळत होतं ना?"

"तुला कोण म्हणालं?"

"हिची भाषा कोणाला येते का, असं सरांनी विचारलं तेव्हा तू खाली बघत होतीस."

"आमचीच भाषा आहे ती, श्रेया. पारध्यांची."

"मग बोलली का नाहीस?"

"भोसले आडनाव म्हटल्यावर सगळ्यांनी मला मराठा धरलंय. मीही गप्पच राहिले."

"अगं, कोणाला काय पडलंय?"

"हॉस्टेलवर चेन हरवली तेव्हा निकिता म्हणाली, एखादी पारधीण शिरली असेल. तूही हसलीस."

"सॉरी गं. मला खरंच माहीत नव्हतं."

"मला सर्जन व्हायचंय. हे कळल्यावर माझ्यासमोर कोण झोपेल टेबलावर?"

"म्हातारी रडत का होती पण?"

"ते इंजेक्शन नको म्हणत होती. मागे दिलं तेव्हा तिचा श्वास कोंडला होता."

"आणि सरांना वाटलं, सुईला घाबरतेय! कधी देणार आहेत?"

"सरांचा राऊंड संपला की. शेवटचा वॉर्ड राहिलाय."

"रेश्मा!"

"जाते. जातेच मी."

"सर विचारतील, ही भाषा कुठे शिकलीस. काय सांगशील?"

"आईकडे."

रेश्मा रांगेतून बाहेर पडून धावतच सुटली. मालनताईंनी घाईघाईने अंग चोरून तिला वाट करून दिली.