लसीतली मदत आणि माझी भीती

जमलेल्या माय-बापहो, शैलाताईंच्या घरच्यांनो, मला बोलता येत नाही. मी नागापूरच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमचे पार्ट घासणारा माणूस. पण आज गप्प बसलो, तर स्वतःलाच तोंड दाखवता यायचं नाही.

शैलाताई आपल्या उपकेंद्राच्या नर्स. गेल्या सोमवारी तिथंच त्यांच्या छातीत कळ आली. पारनेरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी लेक आर्या दीड महिन्याची होती. पहिली लस घेतली, अन् तिच्या मांडीत सुपारीएवढी गाठ आली, अंग तापलं. त्यातच मोबाईलवर मेसेज आला, लसीत ॲल्युमिनियम असतं. त्याची धूळ छातीत गेली की काय होतं, ते मी रोज बघतो. तेच माझ्या लेकीच्या अंगात?

पुढच्या डोसच्या वेळी ताई घरी आल्या. मी दारातच म्हणालो, "माझ्या पोरीच्या अंगात धातू घालता व्हय?"

ताई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, त्याला ॲडज्युव्हंट म्हणत्यात. सहायक द्रव्य. नुसत्या लसीकडं अंग फारसं लक्ष देत न्हाई. हे द्रव्य अंगाला जागं करतं, मग अंग रोगाशी लढायला शिकतं. म्हणून जरा गाठ येती, ताप येतो. अन् तुमच्या कारखान्यातला धातू न्हाई ह्यो. त्याचा क्षार हाय, अगदी कणभर."

मी दार लावलं. होय, त्यांच्या तोंडावर लावलं. त्या तीन बुधवार आल्या. तिन्ही बुधवारी मी दार उघडलं नाही.

पाचव्या महिन्यात आर्याला डांग्या खोकला झाला, ती लस ज्याच्यावर होती तोच. तुम्ही कुणी ऐकलाय तो? पोर खोकत राहतं, खोकत राहतं, श्वास आत जातच नाही. ओठ निळे पडतात. मी तिला उराशी धरून अंगणात उभा होतो. माझी बायको मनीषा धावत गेली, ती ताईंकडेच.

ताई गाडी घेऊन आल्या. नगरच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी आर्याला मांडीवर आडवं धरलं होतं. वाटेत दोनदा तिचा श्वास थांबला. दोनदा त्यांनी पाठ चोळून तो परत आणला. मी नुसता बघत होतो. नऊ दिवस ऑक्सिजन चालला. ताई रोज यायच्या. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत.

शेवटी मीच म्हणालो, "ताई, चुकलो."

त्या म्हणाल्या, "भ्यालात, त्यात चूक न्हाई. माझ्या पोराला पहिली लस दिली तवा मी बी भ्याले हुते. पण दार लावू नका हो. मला इचारा, दहादा इचारा."

आता कुणाला विचारू? सांगा, कुणाला विचारू?

आर्या बरी झाली, शाळेत जाते. पण आमचा दुसरा, धाकटा, आता दीड महिन्याचा झालाय. या बुधवारी त्याची पहिली लस आहे. सगळं समजलंय, तरी लसीची भीती वाटते, अन् लस राहिली तर काय होईल, त्याची त्याहून मोठी.

नव्या सिस्टर इथं बसल्यात. सिस्टर, बुधवारी या. बाळाला मी स्वतः धरीन.

उठा, माय-बापहो. शैलाताईंसाठी क्षणभर सगळे स्तब्ध उभे राहू.